बिल्डिंगच्या शाफ्टमधून बाहेरची काळी फायबर केबल टाकतायत, चालेल का?

सातवा_मजला
नमस्कार मंडळी. आमच्या सात मजली बिल्डिंगमध्ये आता सगळ्यांकडे फायबर येतंय आणि मी कमिटीत असल्यामुळे (म्हणजे मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून) हे काम माझ्या गळ्यात पडलंय. राऊटर, वायफाय वगैरे कळतं थोडंफार पण केबलमधलं शून्य. काल ठेकेदाराची दोन पोरं येऊन पाहणी करून गेली आणि त्यांचा प्लॅन असा की रस्त्यावरच्या खांबावरून जी काळी जाड केबल येते तीच तशीच्या तशी तळमजल्यावरून लाइटच्या शाफ्टमध्ये घुसवायची, प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला भोक पाडायचं आणि वर गच्चीपर्यंत न्यायची. मी विचारलं शाफ्टमध्ये तर लाइटच्या मेन केबल आहेत, तर म्हणे "सर फायबरमध्ये करंट नसतो, कशाच्याही शेजारी टाका." ऐकायला बरोबर वाटतंय पण मनात पाल चुकचुकली.

दुसरं म्हणजे सँपल म्हणून एका घरात कनेक्शन जोडून दाखवलं, ते डायनिंग टेबलावर बसूनच केलं आणि गेल्यावर टेबलावर केसासारखे बारीक पारदर्शक तुकडे दिसले, मी हाताने गोळा करायला गेलो आणि एक बोटात घुसला, अजून ठणकतंय. हे नॉर्मल आहे का? कुणी अनुभवी असेल तर सांगा, पुढच्या आठवड्यात काम सुरू व्हायचंय.

काचतंतू
सर्वात आधी बोटाचं बघा. भिंग आणि चिमटा घेऊन चांगल्या उजेडात तुकडा ज्या वाटेने घुसला त्याच वाटेने मागे ओढून काढा, दाबून पिळू नका, आत मोडतो. नाही निघाला किंवा लाल झालं तर डॉक्टर. आणि तो हात डोळ्याला लावू नका, हे मी मस्करीत सांगत नाहीये.

मी चौदा वर्षं स्प्लायसिंग करतोय, म्हणजे फायबरची टोकं वितळवून एकमेकांना जोडायचं काम. लोक लेझरला घाबरतात पण या धंद्यात रोज माणसाला लागतं ते काचेचं. आतली काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे जाडसर केसाएवढीच, त्यावरचं प्लास्टिकचं कोटिंग सोललं की उरते ती नुसती काच आणि क्लीव्हरने (काच तोडायचं हत्यार) तोडल्यावर जो तुकडा उडतो तो दोन्ही टोकांनी सुईसारखा. पांढऱ्या फरशीवर तर दिसतच नाही. म्हणून आम्ही काळी मॅट अंथरूनच काम करतो, डोळ्याला चष्मा, आणि झाकण घट्ट लागणारी एक डबी सोबत. तोडलेला प्रत्येक तुकडा चिमट्याने उचलून थेट डबीत. मला शिकवणारा उस्ताद तुकडे मोजायला लावायचा, आठ टोकं तोडली तर डबीत आठ तुकडे दिसले पाहिजेत, सात असतील तर आठवा सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. तेव्हा राग यायचा.

जेवायच्या टेबलावर हे काम करायचंच नाही, आणि काम चालू असताना तिथे काही खायचं प्यायचंही नाही, कारण तुकडा पोटात जाणं हे डोळ्यात जाण्याइतकंच वाईट. संपलं की मॅट चिकटपट्टीने टिपून घ्यायची, हात साबणाने धुवायचे, मग बाकीचं. तुमच्या टेबलावर आणि खालच्या फरशीवर आत्ता रुंद चिकटपट्टी उलटी करून टिपा. झाडू मारू नका, झाडूच्या काड्यांमध्ये अडकून घरभर फिरतात. फडका वापरला तर तो फेकून द्या.

पसारा
काचतंतू, +१००. आमच्याकडे कनेक्शन जोडून गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी लेकाच्या तळपायात घुसला. तेव्हा तो नुकता चालायला लागला होता, रडतोय तर का रडतोय कळेना, पायाला काही दिसेना, शेवटी टॉर्च तिरका धरला तेव्हा चमकलं. मी तर आधी समजले की खेळण्यातलं काहीतरी मोडलंय. जोडणारा माणूस सोफ्याशेजारी खाली मांडी घालून बसला होता आणि उठताना पँट झटकून गेला, ते सगळं गालिच्यात. गालिचा शेवटी टाकूनच दिला.

तेव्हापासून कुणीही फायबरवाला आला की मी आधी वर्तमानपत्र अंथरते आणि विचारते "दादा, डबी आणलीय का?" दहातले आठ जण माझ्याकडे बघत राहतात.

बिनधास्त
जरा जास्तच होतंय का हे? मी स्वतः घरात फायबर टाकलंय, व्हिडिओ बघून, रेडिमेड टोकं लावलेली केबल मागवली आणि दोन्हीकडे टक करून बसवली. ना काच ना डबी. भोकं पडायचीच, त्याशिवाय केबल वर जाणार कशी, उडत? उगाच लोकांना घाबरवू नका, ठेकेदार रोज हेच करतो.

काचतंतू
बिनधास्त भाऊ, रेडिमेड टोकांची केबल हा तर सगळ्यात शहाणा उपाय आहे, घरात काच उघडीच पडत नाही. तुम्ही नकळत बरोबर केलंत :) पण शाफ्टमध्ये ते जमेलच असं नाही.

चिमणी
मी फायर सेफ्टीच्या ऑडिटमध्ये असते त्यामुळे आयडीवर हसू नका, मुद्दाम घेतलाय. कारण उभा शाफ्ट म्हणजे चिमणीच असते, खाली पेटलं की ज्वाळा आणि धूर सुसाट वर, आणि प्रत्येक मजल्यावर उघडं भोक असेल तर धूर त्या मजल्यावर. माणसं आगीपेक्षा धुराने जास्त मरतात.

सातवा_मजला, तुमची पाल बरोबर चुकचुकली. बाहेरच्या केबलचं काळं आवरण असतं पॉलिइथिलीनचं. ऊन पाऊस सोसायला एक नंबर, पण ते मेणबत्तीसारखं जळतं आणि जळते थेंब खाली टपकतात. काहींच्या आत पाणी शिरू नये म्हणून जेली भरलेली असते, तीही पेटते. म्हणून बाहेरची केबल बिल्डिंगमध्ये शिरली की लवकरात लवकर संपवायची, तिथे एक बॉक्स लावायचा आणि पुढे आतल्या वापराची केबल. अमेरिकेच्या विद्युत कोडमध्ये तर साधारण १५ मीटरची मर्यादाच घातलीय, त्यापुढे न्यायची असेल तर धातूच्या पाइपातून वगैरे. तुमच्याकडे कुठला नियम लागू होतो ते अग्निशमन विभागाकडे विचारा, पण नियम नसला तरी पॉलिइथिलीन जळायचं थांबत नाही.

आतली केबल निवडताना आवरणावर काय छापलंय ते वाचा, दर मीटरला छापलेलं असतं. अमेरिकन पद्धतीत ओएफएनआर म्हणजे मजल्यामजल्यातून उभी नेण्यासाठी, ओएफएनपी म्हणजे जिथून एसीची हवा खेळते त्या पोकळीसाठी, आणि नुसतं ओएफएन असेल तर ती शाफ्टमध्ये नाही. युरोपात २०१७ च्या जुलैपासून इमारतीत कायमच्या बसवायच्या केबलला आगीचा वर्ग सांगणं सक्तीचं आहे, बी२सीए, सीसीए, डीसीए असे वर्ग असतात, अक्षर जितकं पुढचं तितकं वाईट. आणि एक गैरसमज सगळीकडे दिसतो, "एलएसझेडएच आहे मॅडम, जळत नाही." जळते हो! एलएसझेडएच म्हणजे धूर कमी आणि पीव्हीसी जळल्यावर जो हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो घशात ओलाव्याला लागला की आम्लच, तो नाही. ज्योत वर किती चढते ही वेगळी परीक्षा. एकट्या केबलची परीक्षा आयईसी ६०३३२-१ आणि जुडग्याची ६०३३२-३, शाफ्टला दुसरी पाहिजे कारण शाफ्टमध्ये केबल एकटी कधीच नसते.

आता भोकं. भोक पाडणं हा गुन्हा नाही, ते उघडं सोडणं आहे. केबल गेल्यावर उरलेली फट आग रोखणाऱ्या सीलंटने भरायची, जे तापल्यावर फुगतं आणि केबलचं आवरण जळून गेल्यावर उरलेली जागाही बंद करतं. पुढे अजून केबल येणार असतील तर काढता येणारी पुट्टी किंवा उशा मिळतात. पण कृपा करून तो पिवळा स्प्रे फोम नको!

उगाच_एक_शंका
पिवळा फोम का नको? आमच्याकडे सगळीकडे तोच मारलाय, हवा पण जात नाही त्यातून.

चिमणी
कारण साधा पॉलियुरेथेन फोम स्वतःच पेटतो. यावर एक जुनं प्रकरण आहे, आमच्या ट्रेनिंगमध्ये हमखास येतं. २२ मार्च १९७५, अमेरिकेत अलाबामातलं ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्र. केबल भिंतीतून जातात तिथल्या फटी पॉलियुरेथेन फोमने बुजवल्या होत्या आणि हवा कुठून गळतेय हे बघायला कामगार मेणबत्ती धरायचे, ज्योत हलली की गळती आहे. एका ठिकाणी ज्योत नुसती हलली नाही, आत ओढली गेली आणि फोम पेटला. सुमारे सात तास आग चालली, १६०० च्या वर केबल खराब झाल्या, अणुभट्टी बंद करायची यंत्रणा चालवणाऱ्या केबलही त्यात होत्या. अणुवीज केंद्रांचे आगीचे नियम त्यानंतर बदलले. म्हणजे फट बुजवायलाच जे लावलं होतं त्यानेच आग लागली. हवा जात नाही आणि आग जात नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आग रोखणारे म्हणून वेगळे प्रमाणित फोमही मिळतात, पण डब्यावर किती मिनिटांचं रेटिंग आणि कशा प्रकारच्या भोकासाठी ते लिहिलेलं असतं. रंग बघून घेऊ नका.

बिनधास्त
मेणबत्ती?? अणुभट्टीत?? बरं, फोमचा मुद्दा मान्य.

एमसीबी_पडला
इलेक्ट्रिशियनच्या बाजूने दोन शब्द. "फायबरमध्ये करंट नसतो" हे अर्धसत्य आहे. काचेत नसतो. पण केबल म्हणजे फक्त काच नाही, ती चपटी ड्रॉप केबल येते ना घरात, तिच्यात काचेच्या दोन्ही बाजूंना बळकटीसाठी दोन तारा असतात, त्या कधी फायबरग्लासच्या काड्या असतात आणि कधी चक्क स्टील. खांबावरून येणारीला अजून एक तिसरी जाड स्टीलची तार चिकटवलेली असते लटकवायला. आता ही बाहेरून आणलीत, विजेच्या तारांशेजारून आणलीत आणि तशीच घरात राऊटरपर्यंत नेलीत तर तुम्ही बाहेरून घरात एक उघडा धातूचा रस्ता आणलात. बाहेर कुठे लाइव्ह वायर त्यावर पडली किंवा जवळ वीज कोसळली तर ती तार काय फायबर आहे म्हणून थांबणार आहे का.

मी एका बिल्डिंगच्या शाफ्टमध्ये प्रत्यक्ष बघितलंय, स्टीलच्या तारेचं टोक कापून तसंच सोडलेलं, ते बसबारच्या (विजेच्या मेन पट्ट्यांच्या) बॉक्सच्या फटीतून आत गेलं होतं. टेस्टर लावला तर पेटला. वरच्या मजल्यावर ती केबल एका पोराच्या अभ्यासाच्या टेबलामागून जात होती. माझ्या हाताला घाम फुटला तेव्हा.

तर ती जाड लटकवायची तार घरात शिरायच्या आधीच सोलून वेगळी करायची आणि बाहेरच हुकला अडकवून संपवायची. आत येणारी केबल पूर्ण बिनधातूची मागा, ठेकेदाराला "एफआरपीवाली" (म्हणजे फायबरग्लासच्या काड्यांची) म्हणा, त्याला कळेल. चिलखती केबलच हवी असेल (उंदीर असतील तर लागते) तर तिचं धातूचं चिलखत नीट अर्थिंगला जोडायचं, लोंबकळत सोडायचं नाही.

आणि लाइटच्या शाफ्टमध्येच टाकायची असेल तर वेगळ्या पाइपातून, वेगळ्या बाजूला. सिग्नलला शेजारच्या करंटचा काही फरक पडत नाही हे खरं, पण उद्या फायबरची तक्रार आली की जो पोरगा तिथे हात घालणार त्याला विजेचं ट्रेनिंग नसतं. त्याच्यासाठी अंतर ठेवायचं. लिफ्टच्या शाफ्टमधून तर अजिबात नाही, कुणी कितीही "सोपं पडतं" म्हणालं तरी. लिफ्टच्या शाफ्टमध्ये लिफ्टचंच सामान.

ड्रिल मारण्याआधी भिंतीत वायर आणि पाइप कुठून गेलेत ते डिटेक्टरने बघा. स्लॅबला भोक पाडायचं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको, काही स्लॅबमध्ये ताण दिलेल्या स्टीलच्या केबल असतात, त्यातली एक तुटली तर मोठं प्रकरण होतं. बिल्डिंग फार जुनी असेल तर छताच्या शीटमध्ये ॲस्बेस्टॉस आहे का तेही. बऱ्याचदा बिल्डरने आधीच स्लीव्ह (केबल न्यायला स्लॅबमध्ये ठेवलेला पाइप) सोडलेली असते, प्लास्टर मारून झाकलेली, ती शोधा म्हणजे भोकच पाडायला नको.

उगाच_एक_शंका
पुन्हा एक शंका, नावाला जागतो :) लेझरचं काय? आमच्या राऊटरच्या बॉक्सवर लेझरचं पिवळं चिन्ह आहे आणि केबल निघाली होती तेव्हा मुलीने टोकात बघितलं. काही दिसलं नाही म्हणाली. दिसलं नाही म्हणजे प्रकाश नव्हता ना?

काचतंतू
दिसलं नाही म्हणजे प्रकाश नव्हता असं नाही, हीच तर त्यातली मेख आहे. घरगुती जोडणीत बऱ्याच ठिकाणी वरून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून जाणारा १३१० चा, दोन्ही इन्फ्रारेड, डोळ्याला अंधारच. झगझगीत प्रकाश पडला की आपण पापणी मिटतो, इथे ती प्रतिक्रियाच होत नाही.

पण घाबरू नका, आकडे बघा. एक्सचेंजच्या मशीनमधून साधारण ३ मिलिवॅटपर्यंत निघतो, वाटेत स्प्लिटरमध्ये ३२ घरांत वाटला जातो आणि तुमच्या घरी येतो तेव्हा उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं माप, उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) आसपास, म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग. एकदा बघितल्याने तुमच्या मुलीला काही झालेलं नाही. आणि घरातला बॉक्स वरून सिग्नल मिळाल्याशिवाय स्वतः प्रकाश सोडतही नाही.

उलट गंमत अशी की ज्याला सगळे खेळणं समजतात तो लाल लाइटचा पेन, केबल कुठे तुटली ते बघायला लावतात तो, साध्यातला साधा १ मिलिवॅटचा, म्हणजे तुमच्या घरी येणाऱ्या प्रकाशाच्या शंभरपट. आणि हल्ली १० आणि त्याहून जास्त मिलिवॅटचे सर्रास मिळतात. पोरं तो लावून दुसऱ्या टोकाला "आला का रे लाल?" विचारतात आणि दुसरा पोरगा टोक डोळ्यासमोर धरून बघतो. टोक कागदावर किंवा तळहातावर धरायचं, ठिपका दिसतो.

खरा लेझरचा धोका आहे तो दोन ठिकाणी. केबल टीव्हीचं चॅनल त्याच फायबरवर १५५० ला येत असेल तर त्याला ताकद द्यायला ॲम्प्लिफायर असतो आणि त्याच्या तोंडाशी १०० मिलिवॅट किंवा त्याहून जास्त असू शकतात, ते काम तुमच्या तळमजल्याच्या खोलीत असेल तर तिला कुलूप हवं. दुसरं म्हणजे भिंग. टोक स्वच्छ आहे का बघायचा हातातला मायक्रोस्कोप चालू फायबरला लावणं. विखुरणारा सगळा प्रकाश गोळा करून तो थेट डोळ्यात सोडतो. आधी पॉवर मीटर लावून अंधार आहे याची खात्री, मग मायक्रोस्कोप. आता स्क्रीनवर दाखवणारे मिळतात, आम्ही जुने फेकून दिले.

सिग्नल_गेला
माझा वेगळाच किस्सा. नेट सतत जायचं, रात्रीचं जास्त. चार वेळा माणूस आला, राऊटर दोनदा बदलला. पाचव्यांदा एक वयस्कर काका आले, त्यांनी मीटर लावला, उणे ३१ दाखवत होता. काही न बोलता ते टीव्हीच्या कपाटामागे वाकले, कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि मीटर उणे २१ वर आला! कपाट भिंतीला टेकवताना केबल कोपऱ्यात दुमडली गेली होती. रात्री का जायचं तर रात्री आम्ही सोफा कम बेड उघडतो आणि तो कपाटाला टेकतो. दोन महिने मी कंपनीला शिव्या घालत होतो.

काचतंतू
क्लासिक. यात एक हिशोब सांगतो म्हणजे सातवा_मजला यांना कशावर लक्ष ठेवायचं कळेल. चांगल्या सिंगल मोड फायबरमध्ये एका किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी (प्रकाशातली घट मोजायचं माप) जातो, १३१० ला. तुमचे सात मजले धरा पंचवीस मीटर, म्हणजे ०.०१ डीबीसुद्धा नाही. बिल्डिंगमध्ये अंतर हा प्रश्नच नसतो. जे काही जातं ते वळणात, चिमटलेल्या जागी आणि घाणेरड्या टोकात. वरच्या किस्स्यात १० डीबी गेले म्हणजे दहातले नऊ हिस्से प्रकाश त्या कोपऱ्यातून बाहेर सांडत होता.

म्हणून आत जी.६५७.ए२ जातीची काच मागा. जुनी जी.६५२ ३० मिलिमीटर त्रिज्येच्या खाली वळवू नये, ए२ ७.५ मिलिमीटरपर्यंत चालते, एका वेढ्याला १५५० वर जास्तीत जास्त अर्धा डीबी. पण ए२ आहे म्हणून खिळ्याभोवती गुंडाळू नका. सिग्नल ठीक दिसत असला तरी घट्ट वळणात काचेवर कायमचा ताण राहतो आणि काच काही वर्षांनी, तेही ओल असेल तर लवकर, तडकते. मीटर आजचं सांगतो.

ओढताना केबलच्या जाडीच्या वीसपट त्रिज्या आणि बसवून झाल्यावर दहापट हा जुना नियम अजून चालतो, कंपनीने वेगळं दिलं असेल तर ते. चपटी एफआरपी ड्रॉप केबल थोडा वेळ ८० न्यूटन सोसते, म्हणजे आठ किलोचं वजन, आणि मी पोरांना तिला लोंबकळताना बघितलंय. ओढायचं ते आतल्या पिवळ्या धाग्यांना किंवा बळकटीच्या काडीला बांधून, आवरणाला गाठ मारून नाही. शाफ्टमध्ये खालून वर ओढण्यापेक्षा रीळ गच्चीवर नेऊन वरून खाली सोडा, वजनच काम करतं, फक्त वर एक माणूस ब्रेक धरून पाहिजे आणि खाली शाफ्टखाली कुणी उभं राहायचं नाही. प्रत्येक मजल्यावर आधार द्या म्हणजे सगळं वजन वरच्या एका क्लिपवर येत नाही. प्लास्टिकचे टाय करकचून आवळणाऱ्यांना माझ्याकडून हात जोडून विनंती, वेल्क्रो वापरा.

पसारा
टाय करकचून आवळल्यावर वर जे टोक कापतात ना तिरकं, त्याने पण हात कापतो. अवांतर आहे, पण सांगितलं.

एमसीबी_पडला
अवांतर नाही ताई, शाफ्टमध्ये माझ्या हातावर सगळ्यात जास्त ओरखडे त्याचेच आहेत.

स्प्लायसिंगचं अजून एक राहिलं. मशीन दोन टोकं वितळवायला इलेक्ट्रिक आर्क मारतं, आणि टोक पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते पेट्रोलसारखं पेटतं. बंद शाफ्टमध्ये बाटली उघडी ठेवून शेजारी मशीन चालू करणारे महाभाग आहेत. गॅसचा पाइप त्याच शाफ्टमधून जात असेल तर तिथे आर्क मारायचाच नाही, टोकं बाहेर काढून जोडायची.

सातवा_मजला
बापरे, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. बोट बरं आहे, तुकडा भिंगाखाली निघाला, जेमतेम चार मिलिमीटर होता. टेबल आणि फरशी चिकटपट्टीने टिपली, अजून पाच सापडले!! बायकोने ते सगळे बाटलीत भरून ठेवलेत, ठेकेदाराला दाखवायला.

आज ठेकेदार स्वतः आला होता. आधी म्हणाला "सर इतके प्रश्न कुणी विचारत नाही." मी काही न बोलता बाटली पुढे केली. मग जरा बसून बोलला. काळी केबल तळमजल्याच्या बॉक्सपर्यंतच आणायचं ठरलं, पुढे एफआरपीवाली, ६०३३२-३ पास असल्याचा कागद आणतो म्हणालाय, कागद बघितल्याशिवाय रीळ वर चढू द्यायचं नाही असं वॉचमनला सांगून ठेवलंय. घरात रेडिमेड टोकं, म्हणजे काच उघडायचं काम फक्त मजल्यावरच्या बॉक्सपाशी, डबी आणि मॅट घेऊन.

आणि एमसीबी_पडला, तुमचे खास आभार, स्लीव्ह सापडली! शाफ्टच्या मागच्या कोपऱ्यात सातही मजल्यांना चार इंची पाइप सोडलेला, वर प्लास्टरची टिकली मारून बंद. म्हणजे एकही नवीन भोक नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी आधीच त्यातून काहीतरी नेलंय, एक राखाडी वायर आहे, दोन्हीकडून कापलेली. ती काय असेल?

एमसीबी_पडला
जुन्या इंटरकॉमची असेल बहुतेक. पण मेलेली आहे असं धरून हात लावू नका, आधी टेस्टर. आणि मेलेली निघाली तर काढूनच टाका, शाफ्टमधली प्रत्येक बिनकामाची वायर म्हणजे सरपण.

चिमणी
त्या स्लीव्हची तोंडं केबल गेल्यावर पुन्हा बंद करायची आहेत हं, सातही मजल्यांवर, दोन्ही बाजूंनी. पाइप आहे म्हणून लोक विसरतात. मोकळा पाइप म्हणजे नुसत्या भोकापेक्षा चांगली चिमणी. सील करताना प्रत्येक मजल्याचा फोटो काढा आणि शेजारी तारीख लिहून चिकटवा, नंतर कुणी फोडलं तर कळतं.

बिनधास्त
सातवा_मजला, सील करायचा तो माल नेमका काय म्हणून मागायचा? आमच्या शाफ्टमध्ये आज टॉर्च मारून बघितलं, तिसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंगमधली गाडी दिसतेय.

सातवा_मजला
चिमणी ताईंना विचारा, मी अजून पुट्टी की सीलंट यातच अडकलोय.

चिमणी
भोक केवढं आहे आणि त्यातून किती केबल जातायत त्यावर आहे, बिनधास्त. मोजपट्टी शेजारी धरून फोटो टाका. आणि गाडी दिसतेय म्हणजे ते भोक नाही, खिडकी आहे :)